यंत्र तेच, पूड तीच, मग चव का बदलते?

वाचकांचे प्रश्न : ड्रिप मशीनवरची कॉफी

सोलापूरची सकाळ चहाने उजाडते हे खरे असले, तरी या गावात मराठीच्या जोडीने कन्नड आणि तेलुगू बोलणारी असंख्य घरे आहेत आणि त्या घरांत कॉफी कधीच पाहुणी नव्हती. आता पितळी फिल्टरच्या शेजारी विजेवर चालणारे ड्रिप मशीन येऊन बसले आहे आणि त्याबरोबर तक्रारीही आल्या आहेत. या महिन्यात आलेल्या पत्रांत बहुतेकांनी मशीनला दोष दिला आहे. माझे मत वेगळे आहे, आणि ते पहिल्याच उत्तरात सविस्तर मांडले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, स. न. वि. वि. बंगळुरूला माझ्या थोरल्या बहिणीकडे जे ड्रिप मशीन आहे, तेच आम्ही जुळे सोलापुरातील घरी घेतले. दिवाळीला येताना तिने तिच्या नेहमीच्या दुकानातून अर्धा किलो पूडही आणली. तरीही तिच्याकडे ज्या कॉफीचा वास दारापर्यंत येतो, तीच कॉफी आमच्याकडे मिळमिळीत लागते आणि जिभेवर खडू चाटल्यासारखी चव राहते. आमच्याकडे बोअरचे पाणी आहे. आरओचे पाणी वापरून पाहिले, तर कॉफी पाणचट आणि आंबटसर झाली. मशीन सदोष निघाले असेल का?

उत्तर : मशीन निर्दोष आहे. आपण दोनदा पाणी बदललेत आणि दोन्ही वेळा चव बदलली, म्हणजे उत्तर आपल्याच पत्रात आहे. गाळून झालेल्या कॉफीत ९८ टक्क्यांहून अधिक भाग पाण्याचा असतो, पुडीतून उतरलेला अर्क जेमतेम सव्वा टक्क्याच्या आसपास असतो. असे असताना आपण पूड कोणती, कुठली, किती रुपये किलो याची चौकशी करतो आणि पाणी मात्र जे हाताशी असेल ते ओततो.

आपल्या भागातील जमीन दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाची आहे. त्याच्या भेगांतून मुरत गेलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि त्यांच्याबरोबर बायकार्बोनेट हे क्षार भरपूर उतरतात. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि नळाच्या तोटीवर पांढरे खवले धरतात, ते याच क्षारांमुळे. चांगल्या कॉफीचा जो टवटवीतपणा आपल्याला आवडतो, तो तिच्यातील सौम्य आम्लांमुळे येतो. पाण्यातील बायकार्बोनेट ही आम्ले मारून टाकते आणि मागे उरतो तो निव्वळ भाजकट, खडूसारखा स्वाद. आरओचे पाणी दुसऱ्या टोकाला असते. त्यातील क्षार जवळजवळ सगळेच काढून टाकलेले असल्यामुळे आम्लाला आवर घालणारे काही उरत नाही, आणि पुडीतील स्वाद ओढून घेण्यास कॅल्शियम व मॅग्नेशियम जी मदत करतात तीही मिळत नाही. आपल्या बहिणीकडे कावेरीचे नळाचे पाणी येत असेल, तर ते या दोन टोकांच्या मधले आहे.

कॉफीसाठी लिटरमागे ७५ ते २५० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असलेले पाणी योग्य मानले जाते आणि १५० च्या आसपासचे उत्तम. हे मोजणारा पेनाएवढा टीडीएस मीटर बाजारात मिळतो. आरओ बसवणारा कारागीर खिशातून काढून पाण्यात बुडवतो तोच हा मीटर. पुढच्या वेळी तो आला की आपल्या घरातील प्रत्येक पाणी त्याच्याकडून मोजून घ्यावे आणि आकडे फ्रिजवर चिकटवून ठेवावेत. समजा, आरओचे पाणी ३० आणि उजनीवरून येणारे नळाचे पाणी ३०० भरले, तर तीन भांडी आरओचे आणि एक भांडे नळाचे असे मिश्रण केल्यास ते ९७ च्या आसपास येते. बोअरचे पाणी ९०० भरले, तर नऊ भांड्यांना एकच भांडे पुरे होते आणि मिश्रण ११७ वर येते. आपल्या आरओला टीडीएस कमी-जास्त करण्याचा स्क्रू असेल, तर कारागिराकडून तोच थोडा फिरवून घ्यावा, म्हणजे रोजचे मोजमाप वाचते.

आरओ नसलेल्या घरांसाठी जुना उपाय आजही चांगला आहे. रात्री पाणी पाच मिनिटे खळखळून उकळावे, झाकून ठेवावे आणि सकाळी तळाशी बसलेला पांढरा गाळ न हलवता वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे. बायकार्बोनेटमुळे आलेला जडपणा उकळल्याने बराचसा खाली बसतो. नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेव्हा पाण्याच्या दिवशी भरलेल्या ताज्या पाण्याला क्लोरीनचा वास असतो आणि तो कॉफीत स्पष्ट जाणवतो. तोही उकळल्याने किंवा पाणी रात्रभर उघड्या पातेल्यात ठेवल्याने जातो.

प्रश्न : आमचे मशीन पूर्वी सात-आठ मिनिटांत भांडे भरत असे. आता वीस मिनिटे लागतात, फार घुरघुरते आणि कॉफी कडू होते. अक्कलकोट रस्त्यावरील आमच्या भागात उन्हाळ्यात विजेचा दाबही कमी असतो. मशीन बदलावे का?

उत्तर : बदलण्याआधी ते आतून धुवावे. घरगुती वापराचे विजेवरचे ड्रिप मशीन १९५४ मध्ये जर्मनीत विगोमॅट या नावाने प्रथम आले आणि आजही साध्या मशीनची रचना फारच सोपी आहे. त्यात बहुधा पंप नसतो. टाकीतील पाणी एका झडपेतून खालच्या नळीत उतरते, हीटरला चिकटलेल्या त्या नळीत ते उकळू लागते आणि वाफेचे बुडबुडे गरम पाण्याला धक्के देत वर चढवतात. मागे परतण्याची वाट झडपेने बंद असल्यामुळे पाणी वर जाऊन पुडीवर ठिबकते. ती घुरघुर या बुडबुड्यांचीच असते. ही नळी अरुंद झाली की सगळेच मंदावते.

माझ्या पहिल्या मशीनचे हेच झाले होते. ते मी तीन वर्षे बोअरच्या पाण्यावर चालवले आणि एकदाही आतून धुतले नाही. दुरुस्ती करणाऱ्या गृहस्थांनी खालची नळी सोडवून माझ्या हातात ठेवली, तेव्हा बाहेरून करंगळीएवढ्या जाड नळीत पेन्सिलीतील शिसे जेमतेम शिरेल एवढीच वाट शिल्लक होती. बाकी सगळी जागा जुन्या माठाच्या बुडासारख्या करड्या, खरखरीत थराने भरली होती. तो थर नखाने निघेना. त्यावर लिंबूसत्त्वाचे कोमट पाणी टाकले, तेव्हा फसफसून बुडबुडे आले आणि पाहता पाहता थर सुटू लागला.

आपणही तेच करावे. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात मिळते. लिटरभर पाण्यात २० ग्रॅम विरघळवून टाकीत ओतावे, मशीन सुरू करून निम्मे पाणी खाली उतरू द्यावे, मग बंद करून अर्धा तास तसेच ठेवावे आणि नंतर उरलेले पाणी उतरवावे. भांड्यात पांढरे कण आले, तर काम होते आहे असे समजावे. त्यानंतर तीन वेळा नुसते पाणी फिरवावे. व्हिनेगरनेही थर निघतो, पण त्याचा वास पुढच्या दोन-तीन कॉफ्यांपर्यंत पाठ सोडत नाही, म्हणून मी तो सुचवत नाही. बोअरचे पाणी असेल तर दरमहा, मिश्रण करत असाल तर तीन महिन्यांतून एकदा हे पुरेसे आहे.

विजेच्या दाबाविषयीची आपली शंका रास्त आहे. दाब २३० व्होल्टवरून १९० वर आला की हीटरची शक्ती सुमारे दोन-तृतीयांशच उरते, कारण ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पाणी सावकाश ठिबकते, पूड जास्त वेळ भिजत राहते आणि शेवटी कडू, तुरट अर्कही उतरतो. पाणी पुडीवर पडल्यापासून सगळे गाळून होईपर्यंत चार ते आठ मिनिटे हा चांगला वेळ आहे. नळी स्वच्छ करूनही त्याहून फार जास्त वेळ लागत असेल, तर संध्याकाळचा नेमका दाब उतरण्याचा वेळ टाळून पाहावे.

प्रश्न : आम्ही पूर्व भागात राहतो. आमच्या सासूबाई पितळी फिल्टरमध्ये डिकॉक्शन पाडत असत. तीच ७०:३० ची पूड मी ड्रिप मशीनमध्ये वापरते, तर गाळणी तुंबून कॉफी बाहेर सांडते आणि भांड्यात गाळ उतरतो. पूड घरी मिक्सरवर दळली तर चालेल का?

उत्तर : सासूबाईंची पूड त्यांच्या फिल्टरसाठी अगदी योग्य होती. पितळी फिल्टरमध्ये पूड दाबून बसवतात, वर एकदाच उकळते पाणी ओततात आणि दाट डिकॉक्शन अर्ध्या तासाने थेंब थेंब उतरले तरी कोणाची हरकत नसते. मशीन तेवढे थांबत नाही. वरून पाणी येतच राहते. ७०:३० म्हणजे १०० ग्रॅम पुडीत ३० ग्रॅम चिकोरी, आणि चिकोरी ही कॉफी नसून भाजलेले मूळ आहे. ते पाण्यात कॉफीपेक्षा कितीतरी जास्त विरघळते, रंग आणि दाटपणा देते, पण त्याचबरोबर भिजून चिकट होते आणि गाळणीची भोके बुजवते. त्यात पूडही बारीक दळलेली असल्यामुळे पाण्याला खाली जायला वाट उरत नाही. मशीनसाठी शुद्ध कॉफी घ्यावी. चिकोरीची सवय असेल तर १० टक्क्यांपर्यंत ठेवावी. हे प्रमाण पाकिटावर छापलेले असते.

दळून देणाऱ्या दुकानात ‘ड्रिप मशीनसाठी’ असे स्पष्ट सांगावे. चिक्कमगळूर किंवा कोडगूची धुतलेली अरेबिका ‘प्लँटेशन ए’ या प्रतीच्या नावाने मिळते. ती मध्यम भाजलेली घेतल्यास ड्रिपमध्ये फार सुरेख उतरते. खूप काळी, तेलकट दिसणारी बी दुधाच्या दाट कॉफीला शोभते, पण या मशीनमध्ये तिचा कडवटपणाच पुढे येतो.

घरी दळायचे असल्यास मिक्सर चालेल, मात्र हात आवरता हवा. आपल्याकडे शेंगाचटणी कुटताना दाण्यांना तेल सुटेपर्यंत कुटतो, तेव्हा ती खरी सोलापुरी होते. कॉफीचे नेमके उलटे आहे: भांडे गरम झाले आणि पूड भांड्याच्या कडेला चिकटू लागली की स्वाद तिथेच उडाला म्हणून समजावे. एका वेळी ३० ग्रॅमच बिया घ्याव्यात, दोन-तीन सेकंद फिरवून थांबावे, भांडे हलवावे, पुन्हा फिरवावे. पूड उपम्याच्या जाडसर रव्यासारखी हवी. चिमटीत चोळली तर कण वेगळे लागले पाहिजेत. मिक्सरमध्ये थोडे पीठ झाल्याशिवाय राहत नाही, ते मैद्याच्या चाळणीने काढून टाकावे, कारण गाळणी तुंबवणारे आणि कडवटपणा आणणारे तेच असते. कॉफी रोज प्यायची असेल, तर हाताने फिरवायचे, दाते असलेले लहान दळणयंत्र घेण्यासारखे आहे. महागड्या मशीनपेक्षा तो खर्च मला अधिक सत्कारणी लागलेला वाटतो.

पूड एका वेळी १०० ते २०० ग्रॅमच घ्यावी आणि दोन आठवड्यांत संपवावी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, तेव्हा गॅसच्या वरच्या फळीवर ठेवलेला डबा आठ दिवसांत निर्गंध होतो. तो घट्ट झाकणाचा असावा आणि खालच्या, अंधाऱ्या कप्प्यात ठेवावा. फ्रिजमध्ये ठेवू नये. बाहेर काढल्यावर थंड पुडीवर दमटपणा धरतो, शिवाय रात्रीच्या भाजीचा वासही तिला लागतो.

प्रश्न : मशीनवर ‘६ कप’ असे लिहिले आहे. मी सहा चमचे पूड घालते, पण कॉफी कधी पुळकवणी होते, कधी कडू. नेमके प्रमाण काय?

उत्तर : चमचा आणि कप ही दोन्ही मापे फसवी आहेत. मशीनवरचा कप बहुधा १२५ मिलिलिटरच्या आसपासचा असतो आणि आपल्या घरातील मग त्याच्या दुप्पट भरतो. चमच्याचे तर विचारूच नये. शीग लावली की दीडपट पूड जाते. म्हणून एकदा वजनकाट्यावर तोलून पाहावे. लिटरभर पाण्याला ५५ ते ६० ग्रॅम पूड हे प्रमाण जगभर मान्य आहे, म्हणजे ६०० मिलिलिटरला ३३ ते ३६ ग्रॅम. आपल्या चमच्यात ती किती वेळा बसते हे एकदा पाहिले, की पुन्हा काटा काढावा लागत नाही.

आणखी एक निरीक्षण रोज करावे. कॉफी झाल्यावर गाळणी उघडून भिजलेली पूड पाहावी. ती सगळीकडे सारखी ओली आणि सपाट बसली असेल, तर पाणी सर्वत्र पोहोचले. मध्ये खड्डा पडला असेल आणि कडेची पूड फिकट व कोरडी असेल, तर मधल्या पुडीतून गरजेपेक्षा जास्त अर्क निघाला आणि कडेची वाया गेली. असा घोट एकाच वेळी कडूही लागतो आणि पाणचटही. त्यासाठी पूड घातल्यावर गाळणी हलकेच हलवून ती सपाट करावी, आणि पहिले पाणी पडू लागले की अर्ध्या मिनिटाने झाकण उघडून चमच्याच्या दांड्याने, वाफेपासून हात जपून, एकदा ढवळावे. ताज्या पुडीला त्या वेळी फेसाळ बुडबुडे येतात. तो भाजताना बीमध्ये अडकलेला कार्बन डायऑक्साइड वायू असतो. बुडबुडे मुळीच आले नाहीत, तर पूड शिळी आहे.

प्रमाण ठरले की दळण बदलावे. आंबट आणि पोकळ लागली तर थोडे बारीक, कडू आणि तुरट लागली तर थोडे जाड. एका दिवशी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने काय झाले हे कळत नाही. पाणी ९२ ते ९६ अंश तापमानाला पुडीवर पडणे चांगले. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या किंचित पुढे उकळते, तेव्हा उष्णता पुरेशी आहे. पण साध्या मशीनमध्ये वर चढताना आणि थंड गाळणीत पडताना ती कमी होते. थंडीच्या दिवसांत आधी कपभर नुसते पाणी फिरवून गाळणी आणि भांडे गरम करून घ्यावे. एकाच कपासाठी मशीन लावू नये. निम्म्याहून कमी पाण्यात ते नीट तापत नाही आणि पुडीचा थरही फार पातळ राहतो.

प्रश्न : माठातले गार पाणी टाकीत घातले तर चालेल का?

उत्तर : चालेल. ते तापायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढेच.

प्रश्न : कागदी फिल्टर येथे नेहमी मिळत नाहीत. जाळीवर भागवावे की कापड वापरावे?

उत्तर : कागदाची चव सर्वांत स्वच्छ असते. १९०८ मध्ये जर्मनीतील मेलिटा बेंट्झ या गृहिणीने मुलाच्या वहीतला टिपकागद घेऊन पहिला कागदी फिल्टर केला, तोही कडवट गाळापासून सुटका व्हावी म्हणूनच. कागद कॉफीतील तेलेही धरून ठेवतो. या तेलांतील कॅफेस्टॉल रक्तातील कोलेस्टेरॉल वाढवते, म्हणून डॉक्टरांनी ते सांभाळायला सांगितले असेल, तर कागदच वापरावा. वापरण्यापूर्वी त्याची शिवण दुमडावी आणि गरम पाण्याने तो एकदा भिजवून ते पाणी फेकून द्यावे, म्हणजे कागदाचा वास उतरत नाही. जाळीने कॉफी जरा दाट होते आणि तळाशी गाळ राहतो. काहींना तीच आवडते.

कापडाविषयी सोलापूरकरांना मी काय सांगावे! पण नव्या कापडाला खळ असते हे कॉफी करताना विसरले जाते. पातळ, पांढरे, न रंगवलेले सुती कापड दोनदा उकळून खळ पूर्ण काढावी, गाळणीच्या आकाराचे कापून शिवावे. रोज वापरानंतर गरम पाण्याने धुवावे, साबण लावू नये, कारण त्याचा वास धाग्यात बसतो. वाळत घातले तर उरलेले तेल खवट होते, त्यामुळे वाटीभर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावे, ते पाणी रोज बदलावे आणि आठवड्यातून एकदा कापड उकळावे.

प्रश्न : मी होटगी रस्त्यावर राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. सकाळी सहाला कॉफी लावते. हे कंबर तलावाकडून फिरून सातला येतात, तोवर मशीनच्या गरम प्लेटवर ठेवलेली कॉफी कडू झालेली असते. शिवाय त्यांना दुधाची लागते, आणि दूध घातले की ती अगदीच फिकी होते.

उत्तर : बाई, ती प्लेटच कॉफी बिघडवते. खालचा हीटर पाणी उकळवतो आणि तोच भांड्याची प्लेटही तापवत राहतो, त्यामुळे कॉफी तासभर मंद आचेवर शिजते. तिच्यातील क्लोरोजेनिक आम्लाचे विघटन होऊन क्विनिक आम्ल तयार होते आणि घशाशी तो बोचरा आंबट-कडूपणा येतो. सुवास तर आधीच उडून गेलेला असतो. पाणी ठिबकायचे थांबले की पाच मिनिटांत मशीन बंद करावे आणि कॉफी आधी गरम पाण्याने विसळलेल्या स्टीलच्या थर्मासमध्ये ओतावी. सात वाजता ती सहासारखी अगदी नसेल, पण कडू नक्कीच होणार नाही. उरलेली कॉफी पुन्हा उकळू नये.

दुधासाठी पुडीचे प्रमाण वाढवावे. ५०० मिलिलिटर पाण्याला ४० ग्रॅम पूड घेतली, तर कॉफी दुधात हरवत नाही. त्याहून दाट हवी असल्यास पितळी फिल्टरला पर्याय नाही. ड्रिप मशीनकडून डिकॉक्शनची अपेक्षा करू नये, त्याचे काम वेगळे आहे. दूध मशीनच्या टाकीत कधीही घालू नये. ते नळीत करपते आणि मशीन निकामी होते. साय काढलेले दूध वेगळ्या पातेलीत वाफा येईपर्यंतच तापवावे, उतू जाऊ देऊ नये. पेल्यात आधी साखर, त्यावर कॉफी आणि शेवटी दूध, तेही कॉफीच्या निम्म्याहून जास्त नाही. थर्मासमध्ये मात्र कॉफी कोरीच ठेवावी. दूध यजमान घरी आल्यावर घालावे.